हायड्रोजेल पांढरट का पडतं?

प्रश्न: अ‍ॅक्रिलामाइडचं जेल (पाणी धरून ठेवणारी रेणूंच्या साखळ्यांची जाळी) घट्ट व्हावं म्हणून बिस-अ‍ॅक्रिलामाइड (साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन) २ वरून १० टक्क्यांवर नेलं. आता जेल दुधासारखं पांढरट, बोटाने दाबलं की चुरा. वरचा थर तर पातळच राहतो. कुठे चुकतंय?

उत्तर: वरचा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे, तो वाढत्या साखळीचं टोकच बंद करतो. द्रावणातून नायट्रोजन सोडा, झाकण लावा. आणि हातमोजे घालाच! उरलेला मोनोमर (साखळीत न जोडलेलं सुटं अ‍ॅक्रिलामाइड) मज्जातंतूंना घातक असतो.

उत्तर: पांढरटपणा बिसचा. जास्त झालं की जाळीत दाट गाठी पडतात, मधे मोकळ्या जागा राहतात, प्रकाश विखुरतो. मीही यात महिना घालवलाय. बिस ३ टक्के ठेवा, मोनोमर वाढवा. पर्सल्फेटही (साखळ्या सुरू करणारं रसायन) कमी करून बघा: साखळ्या लांब होतात, मग कमी जोडांतही जेल बसतं.

प्रश्नकर्ता: बसलं! जेलखालचा छापील कागद आरपार वाचता येतोय.