वर्षाचे बारा हजार नेमके कुणाचे?

बार्शीकर: "केंद्राच्या पीएम किसानचे सहा हजार, राज्याच्या नमो शेतकरीचे सहा हजार, आमच्या करातून या शेतकऱ्यांची बसून खायची सोय," असं परवा इथं एकानं लिहिलं. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता. ओलावा जास्त म्हणून खरेदी केंद्रावरनं माल माघारी आला, आडतीवर ४,००० नं घातला. पंधरा क्विंटल होतं, करा हिशोब. तेरा हजारांवर गेले माझे. बारा हजार दिले म्हणून उपकार कसले? खतावर, फवारणीच्या औषधावर जीएसटी आम्हीही भरतो.

सौरभ, कोथरूड: मीच लिहिलं होतं ते, आणि मागे घेणार नाही. भाव पडला तर खरेदीसाठी भांडा, मी सोबत येतो. पण माझे सख्खे काका तीस वर्षांत बांधावर गेलेले नाहीत. सातबारा त्यांच्या नावावर म्हणून दर चार महिन्यांनी दोन हजार जमा. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, २०१९ च्या निवडणुकीनंतर तीही उठवली.

बटईवाला: काकांची जमीन कसतंय कोण, ते नाही सांगितलंत! माझ्यासारखाच कुणीतरी असणार. दुसऱ्याची सहा एकर बटईनं, पिकाच्या वाट्यावर, करतो. खत-बियाणं निम्मं माझं, राबणं सगळं माझं. अतिवृष्टीत पीक वाहून गेलं तर अनुदानसुद्धा मालकाच्या खात्यात. ओडिशानं शेतकऱ्यांना पैसे द्यायच्या कालिया योजनेत बटईदार धरले होते. आपल्याकडं कुळकायद्यानं जमीन कसणाऱ्याची होईल या धाकानं मालक 'हा माझी जमीन कसतो' एवढी साधी चिठ्ठी लिहून देत नाही.

बार्शीकर: कोण देईल? आमच्या आजोबांची आठ एकर अशीच कुळात गेली. म्हातारा शेवटपर्यंत त्या विहिरीचं नाव काढायचा.

बटईवाला: गेली म्हणजे राबणाऱ्याला मिळाली! १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कुळं जमिनीची मालक ठरली तो, त्यासाठीच होता.

बार्शीकर: माझ्या आजोबांनी ती विहीर स्वतः खांदली होती. तोंड सांभाळून बोला.

सुनंदा: आजोबांची भांडणं जरा बाजूला ठेवा, भाऊ. माझे मालक २०२० ला गेले. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर. पेरणी, खुरपणी, मोंढ्यावर माल नेणं सगळं माझ्याकडं, दोन्ही हप्ते सासऱ्यांना. त्यांच्याकडनं शाळेच्या वह्यांना पैसे मागावे लागतात. नाव लावा म्हटलं की "मी मेल्यावर बघा." शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावावर जमीन करायची लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली तेव्हा माझ्या माहेरी आईच्या नावावर दीड एकर झाली. तिला कुणापुढं हात पसरावा लागला नाही. माझ्या जावेच्या नावावर एकरभर आहे, तर नमोचे मिळतात म्हणून तिच्या लाडक्या बहिणीच्या १,५०० चे ५०० केले. बाईला दिलं की लगेच कापायचं.

सौरभ, कोथरूड: ताई, तुम्हाला मिळायलाच हवेत. "बसून खातात" हे तुमच्याबद्दल नव्हतं.

बार्शीकर: मग कुणाबद्दल होतं? सरसकटच लिहिलं होतंत.

सौरभ, कोथरूड: बरं, ते वाक्य चुकलं. काकांबद्दलचं नाही.

बटईवाला: काकांना एवढंच विचारा, कसणाऱ्याला चिठ्ठी देता का.

सौरभ, कोथरूड: विचारलं होतं दिवाळीत. बार्शीकरांनी दिलं तेच उत्तर दिलं.