शब्दचर्चा: मॉट, बेली आणि अर्थवर्क यांना मराठीत काय म्हणावं?

भटकभवानी
इंग्लंडात सॉमरसेटमध्ये टॉन्टन गावाच्या दक्षिणेला ब्लॅकडाउन हिल्स आहेत. तिथल्या एका सोंडेवर कॅसल नेरोश नावाची जागा आहे. गाडी लावून बीच नावाच्या झाडांच्या रानातून छोटी फेरी मारता येते, पोरंसुद्धा न कुरकुरता चालली. किल्ला बघायचा म्हणून गेलात तर मात्र हिरमोड होईल. बुरूज नाही, दरवाजा नाही. आहेत ते एकामागोमाग एक मातीचे बांध, मधले चर आणि टोकाला टेकाड, सगळं झाडीत बुडालेलं. चरात वाळक्या पानांचा असा थर असतो की पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि समोरचा बांध चढताना मुळांना धरावं लागतं. १०६६ नंतर फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आलेल्या नॉर्मन लोकांचं हे काम. त्यांच्या विल्यम राजाचा सावत्र भाऊ, मॉर्तेंचा काउंट रॉबर्ट, याचं नाव त्याच्याशी जोडलं जातं.

यावर लिहायला बसले आणि शब्दांशी अडले. टेकाड ते मॉट, खालचं कोट घातलेलं आवार ती बेली आणि या सगळ्या मातीच्या उलाढालीला अर्थवर्क. 'मातीकाम' चालेल?

साईटवरचा
मातीकाम नको हो. ते वाचलं की आमच्यासारख्यांना टेंडर, घनमीटर आणि रोजगार हमीचं हजेरीपत्रक दिसतं. 'भराव'ही नको, तो रस्त्याचा नाहीतर धरणाचा.

गडवाट
उगाच डोकं कशाला खाजवायचं? मॉट म्हणजे बालेकिल्ला, बेली म्हणजे माची. राजगडावर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, वर बालेकिल्ला. खाली शिबंदी आणि कोठारं, शेवटचा आसरा वर. काम तेच, मग शब्दही तोच.

तिरकस
काहीही म्हणा, पण टाइप करताना 'मॉट'वरच्या चंद्रकोरीच्या जागी मात्रा देऊ नका. 'मोट' होऊन नॉर्मन सरदार विहिरीवर बैल जुंपताना दिसेल.

जुनी पाटी
गडवाट, कामापुरतं तुमचं बरोबर आहे, पण चित्र चुकतं. राजगडाचा बालेकिल्ला हा कातळ आहे, तो कुणी रचलेला नाही. माचीही डोंगरानेच दिलेली, माणसाने तिला तट घातला. नॉर्मन मॉटचं निराळं. सपाट जागी गोल चर खणायचा, निघालेली माती मधे टाकत, धुमसत वर चढवायची. खंदक आणि टेकाड एकाच फावड्याने होतात. खड्डा जेवढा खोल तेवढा ढीग उंच.

फ्रान्समधल्या बायो गावचा, नॉर्मन विजयाची गोष्ट भरतकामात सांगणारा जवळजवळ ७० मीटर लांब कापडी पट आहे, त्याच काळातला. त्यात इंग्लंडातल्या हेस्टिंग्जचा किल्ला उभा राहतानाचा प्रसंग आहे. फावडी घेतलेले मजूर टेकाडावर माती टाकताहेत आणि त्यातले दोघे काम सोडून फावड्यांनी एकमेकांची डोकी फोडायला निघालेत (साईटवरचे, तुमच्याकडेही असतात ना असे?). वरच्या लॅटिन मजकुरात म्हटलंय की चित्रातल्या या माणसाने हेस्टिंग्जला किल्ला *खणण्याचा* हुकूम दिला. बांधण्याचा नव्हे, खणण्याचा. फ्रेंचमधला 'मोत' म्हणजे ढिगारा, तोच शब्द इंग्रजीत 'मोट' होऊन पाण्याच्या खंदकाला चिकटला. ढीग कुठे संपतो आणि खड्डा कुठे सुरू होतो, हे त्यांच्याही भाषेला वेगळं काढता आलं नाही.

म्हणून मॉटला 'टेकाड' म्हणा, फार तर 'रचलेलं टेकाड'. वेल्समध्ये माँटगोमरीजवळ १०७० च्या दशकातला असाच किल्ला आहे, त्याचं नाव हेन डोमेन, म्हणजे जुना ढीग. मूळ शब्द 'तोमेन', वेल्शमध्ये तो उकिरड्यालाही चालतो. परक्या सरदाराच्या किल्ल्याला आसपासच्यांनी दिलेलं हे नाव मला फार आवडतं. १९६० पासून तीसेक वर्षं तिथे उत्खनन चाललं, तेव्हा कळलं की ती बेली लाकडी घरांनी खच्चून भरलेली होती. आज तिथे नुसतं गवत.

गडवाट
पण नेरोश सोंडेवर आहे, असं भटकभवानीच म्हणताहेत. म्हणजे डोंगराने मदत केलीच की.

जुनी पाटी
केली. तीन बाजूंच्या उताराचा फायदा घेतला आणि जिथून पठाराला जोडलंय तिथे चर आणि बांध. तेवढ्यापुरती सोंड तुमची.

भटकभवानी
आणि वरचं लाकडी काम? तिथल्या माहितीच्या फळीवर टेकाडाभोवती खुंटांचं कुंपण काढलंय.

जुनी पाटी
त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे, मेढेकोट. मेढी रोवून केलेला कोट. इंग्लंडातल्या सरेमध्ये ॲबिंजरचा मॉट १९४९ मध्ये खणला, तेव्हा माथ्यावर अशा खांबांचे खड्डे सापडले. कडेने कुंपण, मधे लाकडी मनोरा. लाकूड कुजून गेलं तरी खड्ड्यातली माती वेगळी ओळखू येते.

पांढरीची माती
मराठवाड्यातून लिहितोय. बालेकिल्ला, माची सगळं बाजूला ठेवा, अख्ख्या किल्ल्याला 'गढी' म्हणा. आमच्या गावची गढी मातीचीच होती. आत देशमुखांचा वाडा, धान्याची पेवं, घोडी. फौज फारशी नाही, पण गावावर नजर आणि वसुलीवर हात. नॉर्मन सरदार दुसरं काय करत होता? वाडा पडल्यावर लोकांनी घरांच्या धाब्यावर टाकायला गढीची पांढरी माती नेली, आता तिथेही टेकाडच आहे आणि त्यावर बाभळी.

साईटवरचा
हे पटलं. गढी म्हटलं की माती आपसूक आली.

गडवाट
गढीला चर असतोच असं नाही, एवढं नोंदवून ठेवतो. बाकी माघार.

भटकभवानी
मग असं लिहितेय: "बीचच्या रानात नॉर्मन सरदाराची गढी आहे. टोकाला टेकाड, त्यावर कधीकाळी मेढेकोट, खाली आवार आणि पठाराच्या बाजूने कोरडे खंदक." अर्थवर्कला 'बांध आणि खंदक' एवढंच ठेवते.

जुनी पाटी
उत्तम. फक्त 'कोरडे खंदक'ऐवजी 'चर' करा. खंदक म्हटलं की वाचक आधी पाणी भरतो, मग त्यात मगरी सोडतो.