'कोझी मिस्टरी'ला मराठीत काय म्हणाल?

एक गोष्ट लिहायला घेतलीय आणि दोन शब्दांपाशी अडलेय. विणकामवेड्या दहा-बारा जणी चार दिवस एकत्र राहायला जमल्यात, दिवसभर सुया, लोकर आणि गप्पा, आणि दुसऱ्याच सकाळी एकीची पुरी होत आलेली शाल गायब. रक्तबिक्त काही नाही, पोलीस नाहीत, त्यांच्यातलीच एक छडा लावते. ह्या जातीच्या गोष्टीला इंग्रजीत कोझी मिस्टरी म्हणतात, आपण काय म्हणायचं? 'सौम्य' म्हटलं की गोष्टीत दम नाही असं वाटतं, 'घरगुती' म्हटलं की घरातली भांडणं डोळ्यासमोर येतात. दुसरा शब्द रिट्रीट, म्हणजे हे असं चार दिवस एकत्र राहायला जमणं. डिक्शनरीत 'माघार' मिळाली, ती इथे कशी चालेल?

प्रतिसाद १
रिट्रीटला सरळ 'निवासी शिबिर' म्हणा, नाहीतर रिट्रीटच ठेवा, आता रुळलाय तो. पण एक विनंती, त्या बायकांना 'विणकर' लिहू नका. विणकर म्हणजे मागावर बसून कापड विणणारा, तिथे उभे आणि आडवे असे दोन वेगळे धागे लागतात. सुयांवरचं विणकाम म्हणजे एकाच धाग्याचा फास दुसऱ्या फासातून ओढत न्यायचा. मराठीत दोन्हीला विणणंच म्हणतो म्हणून घोळ होतो. 'विणणाऱ्या' पुरेसं आहे.

प्रतिसाद २
माझं मत 'ऊबदार रहस्यकथा'. कोझीचा अर्थही तोच आणि लोकरीशी जुळतो पण! ह्या गोष्टींत गुन्हा घडतो पण भीषण काही समोर दाखवत नाहीत, माणसं थोडी आणि एकमेकांच्या ओळखीची, शोधणारी हौशी. अगाथा ख्रिस्तीच्या गोष्टींतली गुन्ह्यांचा छडा लावणारी म्हातारी, मिस मार्पल, १९२७ साली पहिल्यांदा छापून आली तेव्हासुद्धा विणत बसलेलीच होती.
आणि आपल्याकडे तपासाची अर्धी भाषा सुताचीच आहे की, धागेदोरे मिळतात, गुंता सुटतो, सुतावरून स्वर्ग गाठतात. इंग्रजी क्लू हा शब्दसुद्धा मूळचा सुताचा गुंडा. ग्रीक पुराणात थीसियस भूलभुलैयात शिरताना आरिआडनीने दिलेला गुंडा सोडत सोडत जातो आणि त्याच धाग्याने बाहेर येतो, त्यावरून वाट दाखवणारी खूण असा अर्थ आला. मला तर 'धागा' हाच क्लूला सगळ्यात जवळचा शब्द वाटतो.

प्रतिसाद ३
क्रियापदं मात्र सांभाळा. शाल 'उसवते', गुंडा 'उलगडतो', गुंता 'सुटतो', रहस्याची 'उकल' होते. हे चार एकमेकांच्या जागी टाकले की विणणाऱ्या वाचकाला लगेच खटकतं.

मूळ लेखिका
'ऊबदार' पक्कं! आणि 'उसवते' वाचलं तेव्हा गोष्टच पुढे सरकली. उसवलेली लोकर सरळ राहत नाही ना, प्रत्येक टाक्याची लाट तिच्यात तशीच राहते, नूडल्ससारखी. धुवून वाळवल्याशिवाय ती जात नाही. म्हणजे शाल कुठे लपवलेली नाहीच, एकीच्या पिशवीत 'नवाकोरा' म्हणून ठेवलेला जो गुंडा आहे त्याचं टोक ओढून बघितलं की धागा नागमोडी निघतो. फक्त एक सांगा, अशा लोकरीला तुमच्याकडे खास शब्द आहे का? मी आत्तापुरतं 'कुरळी लोकर' लिहिलंय.