एका इंग्रजी शब्दाला स्पॅनिशमध्ये चार पर्याय असतील तर निवड कशी करावी?

प्रश्न:
इंग्रजी मजकुराचे स्पॅनिश भाषांतर करण्याचा सराव करताना मला एकच अडचण वारंवार येते. ‘टाइम’ या शब्दापुढे माझा कोश ‘तिएम्पो’, ‘ओरा’, ‘वेस’ आणि ‘एपोका’ असे शब्द ओळीने देतो, पण कोणता कोठे वापरावा हे सांगत नाही. सगळे अर्थ पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही का?

उत्तर १:
पाठांतराऐवजी वाक्याचा आशय आधी मराठीत मांडून पाहावा, असे मी सुचवेन. ‘वेळ नाही’ येथे ‘तिएम्पो’, ‘तीन वेळा’ येथे ‘वेस’चे अनेकवचन ‘वेसेस’, ‘किती वाजले’ येथे ‘ओरा’ आणि ‘त्या काळी’ येथे ‘एपोका’, अशी वाटणी बहुधा आपोआप होते. इंग्रजी ‘आस्क’ प्रश्नालाही चालते आणि मागणीलाही. स्पॅनिशमध्ये मात्र विचारणे म्हणजे ‘प्रेगुन्तार’ आणि मागणे म्हणजे ‘पेदीर’, म्हणजेच जो भेद आपण बोलताना नकळत पाळतो तोच. त्याचप्रमाणे इंग्रजीत दोन्हीकडे ‘प्ले’ असले तरी फुटबॉल खेळण्याला ‘हुगार’, तर पियानो वाजवण्याला ‘तोकार’ म्हणतात. मराठी येत असताना प्रत्येक वेळी इंग्रजीला वळसा घालून का जावे, हे मला कधीच उमगलेले नाही.

उत्तर २:
ही युक्ती चांगली असली तरी सर्वत्र लागू पडत नाही. आपला ‘कोपरा’ खोलीतलाही असतो आणि रस्त्यावरचाही. स्पॅनिशमध्ये खोलीच्या आतला कोपरा ‘रिंकोन’, तर दोन रस्ते मिळतात तो ‘एस्किना’. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या क्रियापदांबाबत तर अधिकच जपावे लागते, कारण आपल्याकडे दोन्हींसाठी ‘आहे’ एवढेच आहे. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे आणि ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळला आहे. मराठी जो फरक विशेषणात किंवा क्रियारूपात दाखवते, तो येथे क्रियापद बदलून दाखवला जातो.

उत्तर ३:
वाचक कोणत्या देशातला आहे, हेही पाहावे. बस पकडण्यासाठी स्पेनमध्ये सर्रास वापरले जाणारे ‘कोहेर’ हे क्रियापद मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील ठरते. तेथे ‘तोमार’ वापरावे. निवडलेला शब्द १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश रॉयल अकादमी या भाषासंस्थेच्या कोशात उलट तपासावा. तो संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि एखादा अर्थ ठरावीक देशांपुरताच असेल तर तशी नोंदही देतो.