ईटीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं, पण मधल्या काळात मालक नेमका कोण होता?

जिंतूरचा_नाना

बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून शेवटी विचारतोच. आमची आत्या अजूनही 'ईटीव्ही लाव रे' म्हणते आणि तिला कलर्स मराठी पाहिजे असतं. नाव बदलून दहा वर्षं होऊन गेली तरी तिच्या तोंडात तेच आहे. परवा तिनंच विचारलं, ते हैद्राबादवाले गेले कुठं मग, विकलं का त्यांनी, आणि विकलं तर कोणाला? मला धड सांगता आलं नाही. कोणी म्हणतं अंबानींनी घेतलं, कोणी म्हणतं टीव्ही १८ नं, कोणी वायाकॉम म्हणतं, आता तर जिओस्टार. ही सगळी एकच मंडळी का वेगवेगळी?

मला यात एवढा इंटरेस्ट का, तर आमच्या तालुक्याचं नाव टीव्हीवर मी पहिल्यांदा ऐकलं ते ईटीव्ही मराठीच्या बातम्यांत. उन्हाळ्यातली पाणीटंचाईची बातमी होती, टँकरभोवती हंडे, आणि त्या गर्दीत दोन-तीन सेकंद आत्या दिसली होती. समोरच्या घरी व्हीसीआर होता, त्यांनी रात्रीच्या बातम्यांना ते रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्या काळात मुंबई-पुण्याबाहेरचं गाव पडद्यावर यायचं म्हणजे दंगल नाहीतर भूकंप व्हावा लागायचा. म्हणून त्या चॅनलचं पुढं काय काय झालं ते नीट समजून घ्यायचंय. कोणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा, लांब झालं तरी चालेल.

ताळेबंद_वाचक

नाना, सगळी एकच नाहीत, पण एकात एक गुंतलेली आहेत. क्रमानं सांगतो.

ईटीव्ही म्हणजे ईनाडू टेलिव्हिजन, रामोजी राव यांचं. त्यांचा ईनाडू पेपर १९७४ ला विशाखापट्टणममधून सुरू झाला, तेलुगू ईटीव्ही १९९५ ला आलं आणि मग त्यांनी एकेक भाषा घ्यायला सुरुवात केली. ईटीव्ही मराठी आलं जुलै २००० मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी झी चं अल्फा मराठी आलेलं होतं, म्हणजे दूरदर्शनशिवाय मराठी बघायला मिळायला लागलं ते या एक-दोन वर्षांतच.

आता पैशाची बाजू. २००६ च्या शेवटी रामोजींच्या मार्गदर्शी फायनान्सियर्सनं लोकांकडून घेतलेल्या ठेवींवरून आंध्रात मोठा वाद उभा राहिला, खासदार उंडवल्ली अरुणकुमार यांनी तक्रार केली होती. ठेवी परत करायच्या तर मोठी रक्कम उभी करणं आलं. चॅनल आणि पेपर ज्या कंपनीत होते ती उषोदया एन्टरप्रायझेस, तिच्यात २६ टक्के घ्यायला ब्लॅकस्टोन हा अमेरिकन फंड तयार होता पण तो व्यवहार अडकला आणि शेवटी झालाच नाही. मग २००८ च्या सुमाराला जेएम फायनान्शियलचे निमेश कंपानी यांच्या बाजूनं पैसा आला, साधारण २,६०० कोटी. प्रेक्षकाला यातलं काही कळायचं कारण नव्हतं, पडद्यावर तोच लोगो होता, तेच कार्यक्रम.

खरी गोष्ट उघड झाली जानेवारी २०१२ ला. रिलायन्सनं जाहीर केलं की ईनाडूच्या चॅनलांमधला तो पैसा आपला आहे, आणि आता हे हिस्से टीव्ही १८ ला विकतोय. त्याच वेळी टीव्ही १८ आणि तिची मूळ कंपनी नेटवर्क १८ यांच्यावर कर्जाचा बोजा होता, त्यांना राइट्स इश्यूसाठी, म्हणजे आहे त्याच भागधारकांना नवे शेअर देऊन भांडवल उभारायला, पैसे पाहिजे होते, तेही रिलायन्सनंच एका ट्रस्टमार्फत दिले. म्हणजे टीव्ही १८ नं ईटीव्ही विकत घेतलं हे खरं, पण त्यांना पैसे पुरवणारा आणि माल विकणारा एकच होता. व्यवहार २,००० कोटींच्या वरचा, आणि पूर्ण व्हायला जानेवारी २०१४ उजाडलं. मराठी, कन्नड, बांगला, गुजराती, ओडिया ही करमणुकीची चॅनलं एका कंपनीत गेली, तिचं नाव प्रिझम टीव्ही. हिंदी पट्ट्यातली न्यूज चॅनलं दुसऱ्या कंपनीत. तेलुगूचं मात्र नीट लक्षात घ्या, तिथं टीव्ही १८ ला फक्त २४.५ टक्के मिळाले. घरची भाषा रामोजींनी हातची जाऊ दिली नाही.

पुढं मे २०१४ मध्ये रिलायन्सनं नेटवर्क १८ चाच ताबा घेतला, तिचे संस्थापक राघव बहल बाहेर पडले. प्रिझम टीव्ही वायाकॉम १८ कडे गेली, म्हणजे टीव्ही १८ आणि अमेरिकेच्या वायाकॉमची भागीदारी, कलर्स हिंदी ज्यांचं तेच. आणि मार्च २०१५ ला पाटी बदलली. आत्याला जो बदल दिसला तो हा, आणि तो सगळ्यात शेवटचा होता.

मुलुंडची_मेघा

छान लिहिलंय. मला वाटायचं अंबानींनी २०१५ ला घेतलं आणि लगेच नाव बदललं. म्हणजे २००८ पासूनच पैसा त्यांचा होता? आईला 'चार दिवस सासूचे'चं वेड होतं, ती २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग. म्हणजे ती मालिका सुरू झाली तेव्हा मालक एक आणि संपली तेव्हा चॅनल दुसऱ्याच्या हातात जायच्या मधल्या अवस्थेत. घरात बसून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही.

ताळेबंद_वाचक

@मेघाताई, २००८ ला पैसा आला, चॅनल चालवत मात्र रामोजींचीच माणसं होती. पैसा कोणाचा आणि हुकूम कोणाचा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मधल्या त्या पाच-सहा वर्षांत उत्तरं पण वेगळी होती. रिलायन्सला यात काय दिसलं असेल ते २०१२ च्याच घोषणेत आहे. त्यांची इन्फोटेल ब्रॉडबँड ही फोर-जी ची कंपनी होती, तिला या सगळ्या चॅनलांचा कार्यक्रमांचा साठा आधी मिळणार असं त्यात म्हटलं होतं. तीच कंपनी पुढं जिओ झाली.

डेस्कवरचा_एक

मी तिथं काम केलंय, सुरुवातीच्या वर्षांत, बातम्यांच्या डेस्कवर. नाव लिहीत नाही पण नानांच्या आत्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं म्हणून बऱ्याच वर्षांनी इथं लिहितोय.

हैद्राबादवाले म्हणतात ना, ते हैद्राबादवाले आम्हीच होतो. परभणी, बीड, अकोला, चंद्रपूर, जळगाव, सोलापूर इथून आलेली विशी-पंचविशीतली पोरं-पोरी. रामोजी फिल्म सिटी शहराबाहेर, विजयवाडा हायवेवर, रोज कंपनीच्या बसनं जायचं आणि यायचं. मराठी डेस्कच्या शेजारी कन्नड, पलीकडं उर्दू, बांगला, गुजराती. कँटीनमध्ये रोज सांबार-भात, आणि कोणी सुट्टीवरून परतलं की त्याच्या डब्यातल्या भाकरी-ठेच्यावर सगळे तुटून पडायचो.

मुंबईत पत्रकारितेची ओळखपाळख नसलेल्या माणसाला तिथं दार उघडं होतं. आमचे उच्चार घासूनपुसून घेतले पण गाव पुसायला सांगितलं नाही. जिल्ह्या-जिल्ह्यात स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेले वार्ताहर होते, त्यांना बातमीमागं पैसे मिळायचे, आणि बातमी कुठल्या गावची हे महत्त्वाचं असायचं. आमचा डेस्कवरचा हेड विचारायचा, आज हिंगोलीचं काही नाही का, गडचिरोलीचं काय. असं विचारणारं माणूस न्यूजरूममध्ये असणं ही मोठी गोष्ट आहे, ते मला नंतर दुसरीकडं काम केल्यावर कळलं, कारण तिथं कोणी विचारतच नव्हतं.

एक उदाहरण सांगतो. कापसाच्या भावाची बातमी आली की आम्ही ती करमणुकीच्या चॅनलवर, दोन मालिकांच्या मधल्या बातमीपत्रात द्यायचो. म्हणजे मालिका बघायला बसलेल्या घरात ती बातमी आपोआप पोचायची. आज शेतकऱ्याची बातमी बघायची तर मुद्दाम न्यूज चॅनल लावावं लागतं आणि तिथं सहा माणसं भांडत असतात. आमचं बातमीपत्र शांत होतं. मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

२००७ नंतर चोवीस तासवाले आले, झी २४ तास, स्टार माझा, मग २००८ ला आयबीएन लोकमत. आमच्यातली कितीतरी माणसं तिकडं गेली, तिथं आजही जुन्या ईटीव्हीवाल्यांची भेट झाली की पहिला विषय फिल्म सिटीच्या बसचाच निघतो. ८ जून २०२४ ला रामोजी राव गेले तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर रात्रभर मेसेज चालू होते.

ठाण्याचा_बापू

डेस्कवरच्या दादांच्या बोलण्यात एक मुद्दा जोडतो, कलर्स झाल्यावर त्या चॅनलवर बातमीपत्र का उरलं नाही. नुसतं कोणाच्या मनात आलं म्हणून नाही. न्यूज दाखवणाऱ्या चॅनलमध्ये परदेशी पैसा किती असावा याला आपल्याकडं मर्यादा आहे, तेव्हा २६ टक्के होती, २०१५ च्या शेवटी ४९ केली. वायाकॉम १८ मध्ये अमेरिकन भागीदाराचा वाटाच निम्मा. मग त्यांच्या करमणुकीच्या चॅनलवर बातम्या बसणारच नाहीत. म्हणजे मालक कोण यावरून पडद्यावर काय दिसणार हे ठरलं, आणि जिंतूरचं नाव गेलं ते असं गेलं.

याच २६ टक्क्यांमुळं स्टार माझाचं नाव बदललं ते पण बघा. लोक त्याला स्टार च्या तेव्हाच्या मालकाचं, मर्डॉकचं चॅनल समजायचे, पण कंपनीत स्टार चा वाटा २६ आणि कोलकात्याच्या आनंदबाजार पत्रिकेचा ७४. मालक पहिल्या दिवसापासून बंगाली, नाव तेवढं उसनं. २०१२ ला स्टार नं आपलं नाव काढून घेतलं आणि जूनपासून एबीपी माझा झालं. तिथं मालक न बदलता नाव बदललं आणि ईटीव्हीत मालक आधी बदलले आणि नाव मागून. म्हणून नुसत्या लोगोवरून अंदाज बांधू नये.

केबल_बार्शी

आम्ही १९९६ पासून केबल चालवतो, वडिलांनी सुरू केलं. माझ्या बाजूनं सांगतो कारण वर सगळं कंपन्यांचं आलंय.

ॲनालॉगच्या काळात चॅनल लोकांपर्यंत पोचणं आमच्या मॉड्युलेटरवर, म्हणजे कुठलं चॅनल कुठल्या नंबरला लावायचं त्या यंत्रावर अवलंबून होतं. जुन्या टीव्हीला हायपर बँड नसायचा, म्हणजे वरचे नंबर पकडायचेच नाहीत, त्यामुळं पहिल्या दहा-बारा नंबरात जे चॅनल लावलं तेच गाव बघणार. ईटीव्ही मराठी आम्ही वडिलांच्या सांगण्यावरून पाच नंबरला लावलं होतं, बायका मालिकांसाठी मागायच्या आणि बाप्ये बातम्यांसाठी, एवढं सरळ गणित. दिवसभर एखादं हिंदी चॅनल बंद राहिलं तर दोन फोन यायचे, ईटीव्ही संध्याकाळी पाच मिनिटं गेलं तर लोक घरी यायचे.

मग २०१२ ला मुंबईपासून सेट टॉप बॉक्सची सक्ती सुरू झाली, आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाला यायला २०१७ उजाडलं. फेब्रुवारी २०१९ ला ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा नियम आला, शंभर चॅनलचे १३० रुपये अधिक जीएसटी आणि पे चॅनलचे वेगळे. तेव्हा पहिल्यांदा माझ्या गिऱ्हाईकांना मालक कोण याचा अर्थ समजला, कारण बुके, म्हणजे चॅनलांचे एकगठ्ठा पॅक, मालकाप्रमाणं येतात. झी चा एक, स्टार चा एक, कलर्सवाल्यांचा एक. म्हाताऱ्या माणसाला दोनच मराठी चॅनल पाहिजेत पण ती दोन वेगळ्या मालकांची असली तर दोन बुके, आणि त्यात न मागितलेली दहा-पंधरा. मी दारोदारी फिरून सुटी चॅनलं निवडून द्यायचो, एकेका घरात अर्धा-पाऊण तास जायचा. ज्यांना समजावून सांगणारं कोणी नव्हतं त्यांचं बिल वाढलं.

आणि १४ नोव्हेंबर २०२४ ला तर स्टार आणि वायाकॉम १८ चं विलीनीकरण पूर्ण झालं, जिओस्टार. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, जे रोज संध्याकाळी एकमेकांच्या समोर उभे असायचे, ते एका घरात आले.

ताळेबंद_वाचक

केबलवाल्या भाऊंचं बरोबर आहे. त्या विलीनीकरणात कंपनीची किंमत ७०,३५२ कोटी धरली होती, स्टार तेव्हा ज्यांच्याकडं होतं त्या डिस्नेचा हिस्सा ३६.८४ टक्के आणि बाकीचा रिलायन्स आणि वायाकॉम १८ मिळून. अमेरिकन भागीदार पॅरामाउंट, म्हणजे जुनं वायाकॉमच, त्यांनी वायाकॉम १८ मधला आपला उरलेला १३ टक्के हिस्सा रिलायन्सला विकायचं त्याच वर्षी मार्चमध्ये ठरवलं होतं.

आणि नाना, आत्यांना हे पण सांगा की ईटीव्ही नाव संपलेलं नाही. तेलुगूत ते आहेच, शिवाय रामोजींच्याच ग्रुपनं २०१९ ला ईटीव्ही भारत सुरू केलं, मोबाईलवर, तेरा भाषांत, त्यात मराठी आहे आणि जिल्ह्याच्या बातम्या असतात.

जिंतूरचा_नाना

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्याला काल रात्री वाचून दाखवलं, मार्गदर्शी आणि ट्रस्टवाला भाग तिनं दोनदा विचारला. 'म्हणजे पोरं आपलीच होती की तिथं' हे डेस्कवरच्या दादांचं वाचल्यावर म्हणाली. दादा, ती कॅसेट समोरच्यांकडून मागून आणलीय, लेबलवर तारीख नाही, पट्टीला थोडी बुरशी धरलीय. परभणीत किंवा संभाजीनगरला व्हीएचएस कॉपी करून देणारं कोणी उरलंय का?

डेस्कवरचा_एक

नाना, आधी ती व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पट्टी तुटते. कोरड्या जागी उभी ठेवा. जुने लग्नाचे शूटिंग करणारे फोटो स्टुडिओ आहेत ना, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडं अजून डेक आहे आणि साफ करणारा माणूस पण ओळखीचा असतो, तिथं विचारा. कॉपी झाली की मला पाठवा. बातमी वाचणारं कोण आहे आणि कुठल्या वर्षीचा सेट आहे ते मी बघून सांगतो, त्यावरून तारीख बरीच जवळ येईल.