मदत हवी आहे : देणग्यांच्या नोंदींतून कंपनीचा प्रभाव कसा ओळखावा?

कामगारांचा म्हणवणारा अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्ष उद्योगजगताकडे कसा सरकला, यावर मी लेख लिहीत आहे. १९८५ ची डेमोक्रॅटिक लीडरशिप कौन्सिल (पक्षाला मध्यममार्गाकडे नेऊ पाहणारा गट), १९९३ मधील नाफ्टा या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारावरील मतदान, २०१० चा सिटिझन्स युनायटेड निकाल (कंपन्यांच्या स्वतंत्र निवडणूक खर्चावरील बंदी उठवणारा) हे टप्पे वाचून झाले. घोडे अडले आहे ते देणग्यांपाशी. फेडरल निवडणूक आयोगाच्या नोंदींत २०० डॉलरपेक्षा अधिक देणाऱ्याच्या नावापुढे व्यवसाय आणि नोकरी देणारी कंपनी लिहिलेली असते. कंपनीच्या पॅकचे (देणग्या गोळा करून उमेदवारांना देणाऱ्या समितीचे) आकडे वेगळे मिळतात, सुपर पॅक (उमेदवाराला थेट न देता अमर्याद खर्च करणाऱ्या समित्या) मी तूर्त बाजूला ठेवले आहेत. परंतु बँकेतील कारकुनाने स्वखुशीने दिलेले २५० डॉलर त्या बँकेच्या खात्यावर मांडणे मला अन्यायाचे वाटते. सशुल्क माहितीसाठा परवडणारा नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ठरवून दिलेल्या देणग्या अशा वैयक्तिक देणग्यांपासून वेगळ्या काढण्याची विश्वासार्ह पद्धत कोणती?