कोरापुट आणि कोटपाड: तुमचे अनुभव लिहा

ओडिशाच्या दक्षिणेला कोरापुट जिल्हा. देवमाळीचे डोंगर, परजा, गदबा, कंध या आदिवासी लोकांची गावं आणि कोटपाडचं हातमागाचं कापड. कसं जायचं यापेक्षा तिथे काय पाहिलं, कोण भेटलं ते वाचायला आवडेल. सुरुवात मी करते.

कोटपाडला मिरगान विणकरांच्या घरी गेले होते. तिथला लाल आणि गडद तपकिरी रंग आलच्या, म्हणजे आपल्या बारतोंडीच्या, मुळांच्या सालीतून येतो. आधी सुताला एरंडेल, शेण आणि राखेचं पाणी चोळून वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, असं कित्येक दिवस चालतं. मग सालीच्या पुडीत रंगवायचं. गडद छटा हवी तर हिराकस (लोहाचा क्षार) घालायचा. काठापदरावर खेकडे, मासे, कुऱ्हाडी. २००५ साली या कापडाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, २०१८ मध्ये इथले विणकर गोवर्धन पनिका यांना पद्मश्री. सूत रंगवायचे कष्ट मात्र बहुतेक बायकांचे, आणि त्यांचं नाव कुठेच येत नाही, हे मला फार लागलं. साडी घ्यायची तर तिथेच घ्या. घासाघीस करू नका.

एक नागपूरकर: आम्ही रायपूर-जगदलपूरमार्गे गाडीने गेलो. जगदलपूरहून कोटपाड जवळच आहे. वाटेत मांडियाची (नाचणीची) पेज प्यायलो. उन्हात दुसरं काही नको वाटतं.

पुण्याहून: विशाखापट्टणम-किरंदुल पॅसेंजरने जा. छत्तीसगडमधल्या बैलाडिलाच्या खाणींचं लोहखनिज विशाखापट्टणम बंदरावर नेण्यासाठी टाकलेला मार्ग, बोगदे संपता संपत नाहीत.

एक शिक्षिका, ठाणे: गुरुवारचा ओनकाडेलीचा बाजार पाहिला. शेजारच्या मलकानगिरी जिल्ह्यातल्या बोंडा आदिवासी बायका डोंगर उतरून येतात, गळ्यात जाड धातूच्या कड्या, अंगभर मण्यांच्या माळा. त्या मीठ-मिरची घ्यायला, आपला माल विकायला आलेल्या असतात, आणि लोक तोंडासमोर कॅमेरे धरतात. कृपा करून हे करू नका. बाजार करा, भाजी घ्या, दोन शब्द बोला. जवळच मचकुंडचा डुडुमा धबधबा आहे, तिथे हवे तेवढे फोटो काढा.

नागपूरकर पुन्हा: गदबांचं केरंग कापड कुणी पाहिलंय का? झाडाच्या सालीचा धागा आणि सूत मिळून विणलेलं, रंगीत पट्ट्यांचं. आम्हाला ते कोरापुटच्या आदिवासी संग्रहालयातच पाहायला मिळालं. एखाद्या गावात माग चालू दिसला असेल, तर गावाचं नाव नक्की लिहा. आम्ही हिवाळ्यात पुन्हा जाणार आहोत.